बाविसावा टब

"भरलेल्या टाकीला मी हात लावत नाही," प्लंबरने फोनवर सांगून टाकलं होतं. "चार वाजता नवी घेऊन येतो. तोवर जुनी रिकामी करून ठेवा. खाली एक कॉक आहे, तो उघडायचा, पाणी निघून जाईल. काही विशेष नाही त्यात."

'काही विशेष नाही' असं म्हणणारे पुरुष काम सुरू व्हायच्या आत तिथून निघून गेलेले असतात, हे थोरलीला पंचावन्न वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तरी ती फसली. दुकानाला सुट्टी होती. जेवण आटोपून, जुना गाऊन चढवून, बरोबर एक वाजता ती मागच्या खोलीतल्या पाणी तापवायच्या टाकीपुढे उकिडवी बसली.

थोरली म्हणजे दोन जावांतली थोरली. बायकांचे केस कापायचं हे दुकान दोघींनी मिळून काढलेलं. थोरली कापायची, रंग लावायची, गप्पा मारायची. धाकटी बेसिनपाशी उभी राहून केस धुवायची. अशी अकरा वर्षं गेली. आणि पाच आठवड्यांपूर्वी धाकटी एप्रनची चौकोनी घडी घालून, ती खुर्चीच्या पाठीवर ठेवून निघून गेली, ती परत आली नव्हती. तिसऱ्याच दिवशी टाकीतली कॉइल जळली. टाकीसुद्धा तिच्याच बाजूची निघाली. तेव्हापासून गिऱ्हाइकांना "केस घरूनच धुऊन या हं" असं सांगावं लागत होतं, आणि गिऱ्हाइकं केस धुऊन दुसऱ्याच दुकानात जात होती.

"पाटावर बस की, गुडघे जातील," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. त्या केस वाळवायच्या मोठ्या टोपीखालच्या खुर्चीत, टोपी बंद ठेवून, राणीसारख्या बसल्या होत्या. पंधरा दिवस थोरल्याकडे, पंधरा दिवस धाकट्याकडे, असा त्यांचा शिरस्ता. कालच त्या धाकटीकडून इकडे आल्या होत्या, आणि तिकडची एकही गोष्ट त्यांनी अजून सांगितली नव्हती. सासूबाई गप्प आहेत म्हणजे पोट गच्च भरलेलं आहे, एवढं थोरलीला कळत होतं.

टाकी लाकडी कपाटात उभी होती. थोरलीच्या खांद्याइतकी उंच, कधीकाळी पांढरी, आता जुन्या दातांच्या रंगाची. बुडाशी गंजाचे ओघळ. पत्र्यावर अजून वाचता येत होतं: शंभर लिटर. खालचा कॉक जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. तिथे बादली जाईना. तपेलं जाईना. दुकानभर शोधाशोध केल्यावर कळलं की त्या फटीत एकच वस्तू बसते, ती म्हणजे गिऱ्हाइकांचे पाय भिजवायचा उथळ गुलाबी टब. असे टब दोन होते. एकात आठ लिटर पाणी मावतं, म्हणजे बारा-तेरा टब झाले की काम संपलं. थोरलीने वर पाणी येणाऱ्या नळीचं चाक घट्ट फिरवून बंद केलं आणि खालचा कॉक उघडला.

टप. टप. टप. आणि संप.

"गेलं का पाणी?"

"तीन थेंब गेले."

"वरनं हवा नको का जायला आत?" सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एक तेलाला, एक वाऱ्याला. बेसिनचा गरम नळ उघड."

हे थोरलीला सुचायला हवं होतं. सासूबाईंना सुचलं म्हणून तिला ते आणखीनच लागलं. तिने उठून बेसिनचा गरम नळ उघडला. नळाने आधी घुटका घेतला, मग ढेकर दिला. आणि त्या ढेकरासरशी असा एक वास बाहेर आला की थोरली दोन पावलं मागे गेली. नासकी अंडी, त्यात महिनाभर विसरलेल्या फुलदाणीतलं पाणी, आणि या सगळ्यावर कुणीतरी गंजका खिळा चोखावा तशी चव. वास नाकात शिरायच्या आधी जिभेवरच बसला.

"शी! ई!" तिने मान वळवली, आणि नकळत तिची नजर सासूबाईंवर गेली.

"माझ्याकडे काय बघतेस?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "मी नाही हं! वास आला की आधी माणसाकडे बघायचं, ही तुझी खोडच आहे मेली."

 नाकावर टॉवेल बांधून थोरली पुन्हा खाली बसली.

आता कॉकमधून पाणी येत होतं. त्याला पाणी म्हणायचं तर चहालाही म्हणावं लागलं असतं. तपकिरी, वर तवंग, आणि त्यात नखांएवढे काळे पापुद्रे गिरक्या घेत होते. पहिला टब तिने दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या टोकाच्या संडासात नेऊन ओतला. टबाच्या तळाशी बोटभर चिखल राहिला. दुसरा टब. तिसरा टब. चौथ्याला धार बारीक झाली, मग करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी, मग बंद.

कॉकच्या तोंडाशी काहीतरी अडकलं होतं. थोरलीने लांब लोखंडी शेपटीचा कंगवा आणला. केसांचे भाग पाडायचा, तिचा आवडता. त्याची शेपटी तिने कॉकमध्ये खुपसली आणि फिरवली. मऊ लागलं. जिवंत काहीतरी असावं तसं मऊ. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने डोळे मिटून शेपटी ओढली, आणि मागोमाग एक लांबलचक राखाडी लोळा बाहेर आला. शेंबडासारखा. त्याला तार सुटत होती, तारेत पांढऱ्या खड्यांची रास अडकली होती, आणि तो टबात पडला नाही, घसरला. थोरलीच्या मनगटाला घासून घसरला.

तिला ओकारी आली. तिने तोंडावर कोपर दाबलं, कारण हात दाबण्यासारखे राहिलेच नव्हते.

"काय निघालं?" सासूबाईंना आता राहवेना. त्या उठून दारापर्यंत आल्या, टबात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई. तुझ्या नवऱ्याला सर्दी झाली होती तेव्हा असंच..."

"आई, पुरे!"

लोळा गेला तशी धार धो धो सुटली. इतकी की कॉक बंद करायला गेल्यावर तो बंदच होईना. खड्याचा एक कण आत कुठेतरी अडकला असणार. आता थांबायची सोय नव्हती. एक टब भरेपर्यंत दुसरा ओतून यायचं, काढायचा की लगेच सरकवायचा. पाचवा, सहावा, सातवा. आठव्या टबाला तिने सासूबाईंकडून फोन कानाला लावून घेतला आणि प्लंबरला विचारलं की हे काय आहे.

"गाळ तो. बुडाशी बसतो," प्लंबर काहीतरी खात खात म्हणाला. त्याला खाता येत होतं याचाच थोरलीला राग आला. "टाकी कोमट ठेवत होता का तुम्ही?"

"कोमटच. जास्त कशाला? वीज काय फुकट येते?"

"तेच चुकतं. कडक तापवली तर आत काही जगत नाही. कोमट ठेवली की कुजतं. वर्षानुवर्षं कुजतं. वास फक्त गरम नळाला येत असेल ना? गाराला नाही?"

"वास कुठला, आम्हाला तर कधी..." थोरलीने बोलायला सुरुवात केली आणि तिचं वाक्य अर्ध्यातच बसलं.

"हॅलो? चार वाजता येतो. रिकामी हवी मला."

फोन बंद झाला तरी तिचा कान तसाच तिरका राहिला. सासूबाईंनी फोन काढून घेतला. टब काठोकाठ भरला होता.

वास होता. तो कसला आहे ते तिला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं ती समजत होती. टॉवेल देता घेता दोन-चारदा तिने घेतला होता तो. धाकटीच्या हाताला यायचा. थोरलीच्या हाताला येत नव्हता, म्हणून तो धाकटीचा. इतकं सरळ होतं ते. थोरली दिवसभर गार पाण्याचा फवारा मारून केस कापत होती आणि धाकटी दिवसभर गरम नळाखाली हात धरून उभी होती, हा फरक तिला अकरा वर्षांत सुचला नव्हता. आणि धाकटी तीन-चारदा म्हणाली होती, "ताई, टाकी जरा कडक तापवू या का? पाण्याला काहीतरी येतंय." तेव्हा थोरलीच म्हणाली होती, "कोमट बरं असतं केसांना."

मग तो दिवस. चष्मेवाली, म्हणजे रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण, बेसिनमध्ये मान टाकून पडली होती. धाकटी तिचे केस धूत होती. आणखी तिघी बाकावर बसल्या होत्या. चष्मेवालीने नाक आक्रसलं. "कसला गं वास येतोय?"

थोरलीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "अगं, आधी हात नीट धुऊन ये बरं," ती धाकटीला म्हणाली. हसत, लहान मुलाला सांगावं तसं. "कितीदा सांगायचं तुला?"

कितीदा वगैरे काही नव्हतं. त्याआधी एकदाही सांगितलं नव्हतं. पण 'कितीदा' म्हटलं की दोष माणसाचा आणि जुना ठरतो, दुकान तेवढं कोरं राहतं. बाकावरच्या तिघींनी धाकटीच्या हातांकडे पाहिलं होतं. ते तेवढं थोरलीला आरशात दिसलं होतं.

"टब!" सासूबाई ओरडल्या.

नववा. दहावा. पाठ भरून आली. गाऊनचा घेर भिजून पायांना चिकटला होता आणि त्या चिकटण्याचीसुद्धा किळस येत होती. अकराव्या टबात पुन्हा एक लोळा निघाला, लहान, आधीच्याचं पिल्लू असावं तसा. तेरावा टब ओतून आल्यावर ती थांबली. पाणी आता संपायला हवं होतं. धार तशीच होती.

"तिकडे कशी आहे ती?" तिने विचारलं. टाकीकडे बघतच विचारलं.

सासूबाई जणू एवढ्याचीच वाट बघत होत्या. "कोण? धाकटी? बरी आहे की. हातमोजे घालून स्वयंपाक करते."

"हातमोजे?"

"रबराचे. भाजी चिरताना, ताटं वाढताना. पोरीची वेणी घालायची तर नवऱ्याला सांगते. कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन आली दोनदा. तो म्हणतो, काही नाही. ही म्हणते, नाही कसं, ताईंना येतो ना वास. स्पिरिटने धुऊन धुऊन सालं निघालीत बोटांची." सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "मला म्हणाली, इकडे काही सांगू नका. म्हणून मी काही सांगत नाहीये."

थोरलीने टब सरकवला. चौदा. तिला वाटलं होतं, धाकटी रुसली आहे. रुसलेल्या माणसाला चार दिवस जाऊ द्यायचे, मग काहीतरी निमित्त काढून बोलवायचं, असा तिचा बेत होता. धाकटी रुसली नव्हतीच. तिने ऐकलेलं खरं मानलं होतं.

सतरा. अठरा. संडासाच्या भांड्याला आतून तपकिरी कड धरली होती. वीस. शंभर लिटरच्या टाकीतून दीडशे लिटर कधीच गेलं होतं. वरचं चाक तिने पुन्हा फिरवलं, टॉवेल धरून फिरवलं, दात-ओठ खाऊन फिरवलं. चाक गुमान फिरत होतं, हवं तितकं, उजवीकडे, डावीकडे, काही फरक नाही. घड्याळात तीन वाजून गेले होते.

"भरतेय की काय ही मागून?" सासूबाई म्हणाल्या. "रडणाऱ्या पोरासारखी. थांबतच नाही मेली."

"प्लंबरला विचारते."

"त्याला काय ठाऊक? मागच्या साली बेसिनची नळी फुटली, तेव्हा इथे कोण होतं? तू नव्हतीस. तू गेली होतीस बहिणीकडे." सासूबाईंनी फोन पुढे धरला. "जिला माहीत आहे तिला विचार."

बाविसावा टब भरत होता. थोरलीने हात गाऊनला पुसले. गाऊनला पुसल्याने हात आणखी बरबटले. तिने नाकाजवळ बोटं नेली आणि झटकन दूर केली. आता तिच्या हातांना वास येत होता. तोच, हुबेहूब. साबणाने दोनदा धुऊनही येत होता.

धाकटीने फोन उचलला. "बोला," ती म्हणाली. 'बोला ताई' नाही. नुसतं बोला.

थोरलीने मनात जुळवलेलं सगळं त्या एका शब्दाने उधळलं. "अगं, ते... टाकी रिकामी करतेय. बावीस टब झाले. होतच नाहीये रिकामी."

"वरचं चाक बंद केलंत?"

"केलं."

"ते नुसतं फिरतं. मेलंय ते."

"मग?"

पलीकडे भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज. थोरलीला सुचेना, आणि सुचत नसताना गप्प बसणं तिला कधी जमलं नव्हतं. "अगं," ती म्हणाली, "तुझ्या हाताचा वास टाकीत आहे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे टाकीचा तुझ्या... तुझ्या हाताचा नव्हताच गं. टाकीचा होता. सगळा."

पलीकडे गॅसचं बटण बंद केल्याचा टक असा आवाज आला.

"येते मी," धाकटी म्हणाली.

ती वीस मिनिटांत आली. केस घाईने बांधलेले, हातात खरंच रबराचे हातमोजे, पिवळे. ती सरळ कपाटाशी गेली आणि खाली बसली. भरत आलेल्या टबाकडे तिने पाहिलं. मग उजवा हातमोजा बोटाबोटाने ओढून काढला आणि उघडा हात सरळ टबाच्या तळाशी घातला.

"अगं शी! नको गं हात घालूस!"

धाकटीने मूठभर गाळ वर काढला. काळा, लिबलिबीत, मनगटावरून ओघळणारा. तिने तो नाकाशी नेला आणि फुलाचा घ्यावा तसा लांब श्वास घेतला.  धाकटीच्या चेहऱ्यावर एक रेघसुद्धा हलली नाही. पुन्हा एकदा तिने वास घेतला, ओळख पटवायला बोलावलेल्या माणसाने घ्यावा तसा.

"हाच," ती म्हणाली.

तिच्या बोटांची सालं निघालेली थोरलीला दिसली. नखांच्या कडेने कातडी गुलाबी, कच्ची.

"चुकलं माझं," थोरली म्हणाली. "खरंच चुकलं. ये तू परत. नवी टाकी येतेय आता चार वाजता, पाणी बंद करायचा दुसरा कॉक कुठे आहे तेवढा सांग आणि..."

"इथे बोलून काय उपयोग?" धाकटीने गाळ टबात सोडला. आवाज चढला नव्हता. "इथे कोण आहे ऐकायला? आई आहेत आणि टाकी आहे. तुम्ही चष्मेवालीसमोर बोललात. तिच्यासमोर सांगा."

"तिला?" थोरली खालीच बसली. "अगं, तिला कसं सांगू? अकरा वर्षं दर पंधरवड्याला डोकं धुतलंय आपण तिचं. या पाण्यात! तिला सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला कळेल. येईल का कुणी मग? दुकान बसेल आपलं."

"मला सगळ्यांसमोर म्हणालात तेव्हा मी बसलेच की."

"टाकी खराब होती, एवढंच सांगितलं तर? नुसतं?"

"माझ्या वेळी नुसतं नव्हतं," धाकटी म्हणाली. "कितीदा सांगायचं, असं होतं."

हे वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ होतं. पाच आठवडे हातमोज्यांच्या आत ते घेऊन ती फिरत होती.

"टब भरला गं!" सासूबाई ओरडल्या.

कुणी हललं नाही. गुलाबी कडेवरून तपकिरी पाणी फरशीवर आलं, खोलीच्या उतारावरून सावकाश दुकानाच्या दिशेने निघालं, खुर्चीखाली, आरशाखाली. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली. टॉवेलांच्या फळीवर कॉफीची रिकामी बरणी होती. ती तिने टबात बुडवली, तळाचा गाळ येईल अशी खोल बुडवली, आणि झाकण लावलं.

"आई, टब सांभाळा."

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "या वयात?" पण म्हणता म्हणता त्यांनी बाह्या वर सारल्या.

रस्ता ओलांडताना थोरलीला गाऊनचं भान आलं. ओला, डागाळलेला, गुडघ्यांना चिकटलेला. वळून घरी जाऊन कपडे बदलून यावं असा एक विचार आला. बदलायला गेले तर परत येणार नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं. मागे पाहिलं तर धाकटी दुकानाच्या दारात उभी होती. एका हातात मोजा, एक हात उघडा.

चष्म्याच्या दुकानात गारवा होता आणि सगळं लखलखीत होतं. एक आजोबा नाकावर जाड लोखंडी फ्रेम घालून भिंतीवरची अक्षरं वाचत होते. काउंटरपाशी दोन बायका फ्रेमी लावून बघत होत्या. थोरली आत शिरली आणि तिच्याबरोबर वास शिरला. चौघांची नाकं एकदम वर झाली.

"अगं, हे काय ध्यान?" चष्मेवाली म्हणाली.

थोरलीने दार उघडंच ठेवलं. पलीकडे ऐकू जायला हवं होतं. तिने बरणी काचेच्या काउंटरवर, फ्रेमींच्या मधोमध ठेवली.

"त्या दिवशी तू म्हणालीस ना, वास येतोय म्हणून," ती म्हणाली. गिऱ्हाइकांशी बोलायच्या मोठ्या आवाजातच बोलली. "तो हा होता. माझ्या टाकीतला. मी ती वीज वाचवायला कोमट ठेवत होते. ती आत सडली. माझ्या जावेच्या हाताला कसलाही वास नव्हता. ती सांगत होती मला पाण्याचं, मी ऐकलं नाही, आणि चारचौघांत तिलाच हात धुवायला पाठवलं. कितीदा सांगायचं म्हणाले, तेही खोटं. कधीच सांगितलं नव्हतं."

आजोबांनी फ्रेमीतून वाकून बरणीकडे पाहिलं. "हे मात्र अगदी स्पष्ट दिसतंय," ते म्हणाले.

चष्मेवालीने बरणी उचलून उजेडात धरली. आतला लोळा सावकाश कुशीवर वळला. तिचा दुसरा हात आपोआप केसांकडे गेला आणि केसांना न शिवता हवेतच थांबला.

"हे माझ्या डोक्यावर?"

"हो."

"अकरा वर्षं?"

"एवढं नसेल. वाढत गेलं असेल."

"ई!" चष्मेवालीने बरणी खाली ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली, एकेक. "मी काही आता येणार नाही हं तुझ्याकडे. राग मानू नकोस. मला झोपताना आठवेल हे." मग जरा थांबून, काउंटरकडे बघत ती म्हणाली, "ती हात धुऊन आली होती त्या दिवशी. मला टॉवेल गुंडाळला तेव्हा मी पाहिले तिचे हात. कोपरापर्यंत लालबुंद. घासून घासून. मला तेव्हाच वाटलं होतं, मी उगाच बोलले."

काउंटरजवळच्या दोन बायकांपैकी एक हळूच दाराकडे सरकली. ती थोरलीची गिऱ्हाईक होती. होती.

थोरली परत आली तेव्हा धाकटी दारातच होती.

"काय म्हणाली?"

"ऐकू नाही आलं?"

"तुमचं आलं. तिचं नाही."

"येणार नाही म्हणाली परत. आणखी एक गेली तिच्या मागोमाग." थोरलीने बरणी उंबऱ्याशी ठेवली. "आणि तुझे हात लाल होते म्हणाली. कोपरापर्यंत. तिला दिसले. मी पाहिलेच नव्हते."

 धाकटीने दुसराही मोजा काढला, दोन्ही गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि आत गेली. आत सासूबाई घोट्याएवढ्या पाण्यात, दोन टबांशी झुंजत, देवाधर्माला न शोभणारं काहीतरी बडबडत होत्या. धाकटी टॉवेलांच्या फळीशी गेली, खालची फळी बाजूला काढली, पोटावर आडवी पडली आणि भिंतीलगत खांद्यापर्यंत हात घातला. थोरलीने कधी तिथे वाकूनही पाहिलं नव्हतं. आत दडलेला कॉक करकरला. एकदा, दोनदा.

टाकीच्या पोटात काहीतरी खाली बसल्यासारखा आवाज आला.

त्यानंतर आणखी दहा टब निघाले. आता दोघी होत्या. एक भरायची, एक ओतायची, आणि वाटेत एकमेकींना चुकवताना कोपरं लागत होती. शेवटच्या तीन टबांत तर पाणी नावालाच होतं. चिखल, खडे, आणि आतल्या कसल्याशा धातूच्या कांडीचा एक कुरतडलेला तुकडा. धार बारीक झाली, फुर्र करून थुंकली, थांबली. धाकटीने बोटाच्या पेराने टाकीवर टकटक केलं आणि कान लावला. ढोलासारखी वाजली.

थोरली साबण घेऊन गरम नळाकडे वळली.

"गार घ्या," धाकटी म्हणाली. "आणि साबण नको, आधी कोरड्या कापडाने पुसा. साबणाने आत बसतो तो. मला माहीत आहे."

थोरलीने कोरड्या कापडाने हात पुसले. चार वाजून पाच मिनिटांनी प्लंबर आला, खांद्यावर नवी टाकी, पांढरीशुभ्र. आत पाऊल टाकताच त्याने नाक धरलं. "बापरे! काय मेलंय इथे?"

"टाकी मेलीय. वय विचारू नका," सासूबाई म्हणाल्या. त्या परत आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, पाय वर घेऊन.

जुनी निघाली, नवी बसली. त्याला तासभर लागला. तेवढ्या वेळात दोघींनी फरशी तीनदा पुसली. कुणी येईल का उद्या, हा प्रश्न फरशीवरच होता आणि दोघीही त्याच्यावरून फडकं फिरवत होत्या. शेवटी प्लंबरने टाकीच्या पोटावरचं लहान झाकण उघडलं आणि आतल्या चकतीला पेचकस लावला.

"कितीवर ठेवू?"

थोरलीने तोंड उघडलं. अकरा वर्षांचा शब्द जिभेवर आयता होता. तिने तोंड मिटलं आणि धाकटीकडे पाहिलं.

धाकटी फडकं पिळत होती. तपकिरी पाणी तिच्या सालं गेलेल्या बोटांमधून बादलीत पडत होतं. ती पिळतच राहिली, थेंब थांबेपर्यंत.

"कडक," ती म्हणाली.

प्लंबरने चकती फिरवली. खुर्चीच्या पाठीवर पाच आठवडे कुणी न हलवलेली एप्रनची चौकोनी घडी होती. धाकटीने ती उचलली, उलगडली, नाकाशी नेऊन पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"हा धुवायला टाका," ती थोरलीला म्हणाली. "उद्या दुसरा द्या मला."